लघवी वाढवणारी गोळी आणि बदललेला लिपिड रिपोर्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय 58. साडेतीन महिन्यांपूर्वी रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन 25 मि.ग्रॅ. रोज एक गोळी सुरू झाली. रक्तदाब 162/94 वरून 134/82 वर आला. पण नव्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल 196 वरून 208 आणि ट्रायग्लिसराइड 140 वरून 190 झाले. ही पाण्याची गोळी कोलेस्टेरॉल वाढवते असे कुणीतरी सांगितले. मग आठवडाभर गोळी बंद ठेवून तपासणी पुन्हा करावी, की गोळीच बदलून घ्यावी?

आधी महत्त्वाचे सांगतो: गोळी स्वतःहून बंद करू नका, तपासणीपुरतीही नाही. आता तुम्हाला जे सांगण्यात आले त्याबद्दल. ते खोटे नाही. लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनी रक्तातली चरबी थोडी वाढते, ही गोष्ट अनेक दशकांपासून माहीत आहे. प्रश्न किती वाढते, कधी वाढते आणि त्या वाढीला किती किंमत द्यायची, हा आहे. इतकी वर्षे रक्तदाबाचे रुग्ण पाहताना मला या वाढीपेक्षा तिच्या भीतीने झालेले नुकसान जास्त दिसले आहे.

तुमच्या आईंचेच आकडे घेऊन बसू. पहिल्या रिपोर्टात एचडीएल, म्हणजे ज्याला 'चांगले' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 48 होते, दुसऱ्यात 47. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, थेट मोजत नाहीत, ते गणिताने काढतात. 1972 साली मांडलेले फ्रिडवाल्ड सूत्र आजही सर्रास वापरात आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. हा पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएल नावाच्या कणांमधल्या कोलेस्टेरॉलचा अंदाज. पहिल्या वेळी 196 मधून 48 आणि 28 गेले, उरले 120. दुसऱ्या वेळी 208 मधून 47 आणि 38 गेले, उरले 123. म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल 12 ने वाढलेले दिसते, पण त्यातला 10 चा वाटा व्हीएलडीएलचा आहे. ज्या एलडीएलची तुम्हाला धास्ती वाटते ते फक्त 3 ने हलले आहे.

थायझाइड गटातल्या औषधांचा ठसा साधारण असाच उमटतो. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही या गटातली नेहमीची नावे. ट्रायग्लिसराइड आणि व्हीएलडीएल चढतात, एलडीएल थोडे चढते किंवा जागच्या जागी राहते, एचडीएलला फारसा धक्का लागत नाही. फ्युरोसेमाइडसारख्या जोरकस औषधांचाही परिणाम याच दिशेने जातो. इंडापामाइड नेहमीच्या मात्रेत चरबीच्या बाबतीत जवळजवळ तटस्थ आहे. स्पायरोनोलॅक्टोन आणि अमिलोराइड ही पोटॅशियम राखून ठेवणारी औषधे आहेत, त्यांचाही ठळक परिणाम दिसत नाही. त्यामुळे 'पाण्याची गोळी' हा एकच शब्द वापरून सगळ्यांना एका माळेत ओवणे बरोबर नाही. रिपोर्ट दाखवायला जाल तेव्हा गोळीचे नाव आणि मात्रा दोन्ही सांगा.

मात्रेचा मुद्दा तर फारच मोठा आहे, आणि या औषधाचे नाव खराब होण्यामागचे कारणही तिथेच दडले आहे. थायझाइड 1950 च्या दशकाच्या अखेरीस वापरात आली. त्या काळात आणि पुढे बरीच वर्षे मात्रा आजच्या मानाने दांडग्या असत. हायड्रोक्लोरोथायझाइड दिवसाला 50 ते 100 मि.ग्रॅ. देणे नेहमीचे होते. त्या मात्रांवर काही आठवड्यांच्या अभ्यासांत एकूण कोलेस्टेरॉल साधारण 5 ते 7 टक्क्यांनी वाढलेले आढळले, ट्रायग्लिसराइड त्याहून जास्त. पाठ्यपुस्तकांत ते आकडे शिरले आणि तिथेच राहिले. आज हायड्रोक्लोरोथायझाइड सहसा 12.5 ते 25 मि.ग्रॅ. दिले जाते, क्लोरथॅलिडोनही तेवढेच. या मात्रांवर परिणाम बराच कमी असतो, आणि रक्तदाब उतरवण्याचा बहुतेक फायदा मात्र याच मात्रांत मिळून जातो. पुढे मात्रा दुप्पट केली तर रक्तदाब थोडासाच आणखी उतरतो. पोटॅशियम, साखर, यूरिक आम्ल आणि चरबी यांची गडबड मात्र वाढतच जाते. म्हणून 25 मि.ग्रॅ. च्या वर जाण्यापेक्षा दुसऱ्या गटातले औषध थोड्या मात्रेत जोडणे मला नेहमी बरे वाटते.

आता काळाचा मुद्दा. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत शरीरातले मीठ आणि पाणी बाहेर जाते, रक्तातला द्रवभाग आटतो. चरबीचे कण इतके मोठे असतात की ते रक्तवाहिनीच्या भिंतीतून पाण्याबरोबर निसटू शकत नाहीत. कण तेवढेच, पाणी कमी, म्हणजे प्रति डेसिलिटर आकडा जास्त. डाळ आटल्यावर ती खारट लागते, मीठ कुणी वाढवलेले नसते, तसेच हे. याचा साधा पुरावा म्हणजे, निरोगी माणूस आडवा असताना आणि बराच वेळ उभा राहिल्यावर घेतलेल्या नमुन्यांत एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे 10 टक्के फरक पडू शकतो. औषध नाही, खाण्यात बदल नाही, फक्त उभे राहिल्यामुळे पाणी पायांच्या ऊतींकडे झिरपते. गोळीमुळे आटलेला द्रवभाग साधारण दीड ते दोन महिन्यांत बराचसा पूर्ववत होतो. रक्तदाब मात्र खालीच राहतो, कारण तोवर रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झालेला असतो. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत केलेल्या लिपिड तपासणीवरून मी कोणताही निर्णय घेत नाही. तीन महिने थांबतो. तुमच्या आईंची तपासणी साडेतीन महिन्यांनी झाली आहे, म्हणजे वेळ योग्य आहे.

पण आटणे हे एकच कारण असते तर एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड सगळेच सारख्या प्रमाणात वाढले असते. तसे होत नाही, ट्रायग्लिसराइडच पुढे धावतात. म्हणजे यकृतातही काहीतरी घडते. शरीरातले पाणी कमी झाले की ते परत मिळवण्यासाठी शरीर आपली यंत्रणा जागी करते. रेनिन आणि अँजिओटेन्सिन वाढतात, ॲड्रिनलिनच्या जातीची संप्रेरकेही वाढतात. त्यांच्या इशाऱ्याने साठवलेल्या चरबीतून मेदाम्ले सुटून यकृताकडे जातात आणि यकृत त्यांचे व्हीएलडीएल बनवून रक्तात सोडते. दुसरी बाजू पोटॅशियमची. लघवीवाटे पोटॅशियम गेले की स्वादुपिंडातून इन्सुलिन नीट सुटत नाही, आणि इन्सुलिनचा अंमलही ढिला पडतो. साखरेच्या बाबतीत हा दुवा पक्का आहे. चरबीच्या बाबतीत तो तितका घट्ट नसला तरी इन्सुलिनचा अंमल ढिला पडला की ट्रायग्लिसराइड वाढणारच. म्हणून लिपिडचा रिपोर्ट हातात आला की मी आधी त्याच दिवसाचे पोटॅशियम विचारतो. ते 3.3 असेल तर आधी ते सुधारायचे, 4 च्या आसपास आणायचे. तोवर ट्रायग्लिसराइडवर औषध शोधत बसायचे नाही.

वयाचाही थोडा संबंध आहे. क्लोरथॅलिडोनच्या जुन्या अभ्यासांत एलडीएलची वाढ पाळी थांबलेल्या स्त्रियांत दिसली, पाळी चालू असलेल्या स्त्रियांत तशी दिसली नाही. तुमच्या आई 58 च्या आहेत. पण पाळी थांबल्यावर एलडीएल स्वतःहूनही वाढते, त्यामुळे सगळे खापर गोळीवर फोडण्याआधी हेही ध्यानात घ्यावे.

पुढे काय होते? इथे दीर्घकाळ चाललेल्या चाचण्या कामी येतात. सौम्य रक्तदाबाच्या रुग्णांवरच्या 'टॉम्स' या चाचणीत क्लोरथॅलिडोन 15 मि.ग्रॅ. दिले होते आणि सगळ्यांनाच वजन व खाण्याबद्दल मार्गदर्शन होते. पहिल्या वर्षी क्लोरथॅलिडोनच्या गटात कोलेस्टेरॉल थोडे वर होते. चार वर्षांनी तो फरक मावळला होता. दुसरी 'ऑलहॅट', 2002 साली प्रसिद्ध झालेली, 55 वर्षांवरील 33,357 लोकांची प्रचंड चाचणी. चार वर्षांनंतर सरासरी एकूण कोलेस्टेरॉल क्लोरथॅलिडोनच्या गटात 197.2, अ‍ॅम्लोडिपिनच्या गटात 195.6 आणि लिसिनोप्रिलच्या गटात 195.0 होते. ही दोन्हीही रक्तदाबाचीच औषधे, पण लघवी वाढवणारी नव्हेत. दोन अंकांचा फरक. हृदयविकाराचा झटका आणि त्यामुळे होणारे मृत्यू यांत तिन्ही गट बरोबरीत राहिले, आणि हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा अशक्तपणा, क्लोरथॅलिडोनच्या गटात इतर दोन्ही गटांपेक्षा कमी झाले. नव्याने मधुमेहाच्या पातळीला गेलेली साखर मात्र क्लोरथॅलिडोनवर अधिक लोकांत आढळली: 11.6 टक्के, तर अ‍ॅम्लोडिपिनवर 9.8 आणि लिसिनोप्रिलवर 8.1. म्हणून मला विचाराल तर या गोळीवर असताना कोलेस्टेरॉलपेक्षा साखरेवर, सोडियमवर आणि पोटॅशियमवर नजर ठेवणे जास्त गरजेचे आहे. लोक नेमके उलटे करतात.

तराजूत दोन्ही बाजू घालून पाहू. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसते की एलडीएल सुमारे 39 मि.ग्रॅ. ने उतरले की हृदय आणि मेंदूच्या मोठ्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात. वरचा रक्तदाब 10 ने उतरला तरी जवळपास तेवढाच फायदा होतो. तुमच्या आईंचा वरचा रक्तदाब 28 ने उतरला आहे आणि एलडीएल 3 ने चढले आहे. या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीतच. 3 साठी 28 सोडून देणे हा व्यवहार मी कुठल्याही रुग्णाला करू देणार नाही.

शिवाय हे 3 खरे आहेत का, हाही प्रश्न आहे. एकाच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल काही न करताही दिवसागणिक 5 ते 6 टक्के इकडेतिकडे होते. ट्रायग्लिसराइड तर 20 टक्के किंवा त्याहून जास्त. त्यात यंत्राची स्वतःची चूक मिळवा. दोन रिपोर्टांतला फरक निव्वळ चढउतारापलीकडचा आहे असे खात्रीने म्हणायला एकूण कोलेस्टेरॉलमध्ये 15 टक्क्यांहून जास्त आणि ट्रायग्लिसराइडमध्ये निम्म्याहून जास्त फरक पडावा लागतो. आईंचे कोलेस्टेरॉल 6 टक्के वाढले, ट्रायग्लिसराइड 36 टक्के. दोन्ही त्या मर्यादेच्या आत. औषधाचा परिणाम शेकडो लोकांच्या सरासरीत दिसतो. एकट्या माणसाच्या एका रिपोर्टात तो ओळखू येईलच असे नाही.

म्हणून पुन्हा तपासणी करायचीच तर ती नीट करा. गोळी नेहमीप्रमाणे चालू ठेवायची. ती घेत असताना रक्तात काय आहे हेच आपल्याला पाहायचे आहे, न घेता काय असते याचा उपचाराला काही उपयोग नाही. 9 ते 12 तास उपाशी राहायचे, पण साधे पाणी प्यायचे. ही चूक मी असंख्य वेळा पाहिली आहे: उपाशी म्हणजे पाणीही नको असे समजून लोक आदल्या रात्रीपासून कोरडे राहतात, त्यात सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेतात, आणि मग चक्कर येऊन प्रयोगशाळेत बसकण मारतात. आकडेही आटलेल्या रक्ताचे येतात. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल तर तेवढीच मर्यादा पाळायची. नमुना देण्याआधी किमान पाच मिनिटे शांत बसायचे, जिना चढून आल्या आल्या हात पुढे करायचा नाही. दंडावरचा पट्टा फार वेळ आवळून ठेवू देऊ नका, त्यानेही आकडे फुगतात. प्रयोगशाळा तीच, वेळ शक्यतो तीच. आदल्या दोन-तीन दिवसांत मद्य नको. नुकताच ताप, संसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर काही आठवडे थांबा, कारण अशा आजारपणात एलडीएल आणि एचडीएल दोन्ही खोटेच खाली जातात.

गोळी बंद ठेवून तपासणी करण्याबद्दल मी इतका आग्रहाने का बोलतो, तेही सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका वयस्क रुग्णाने हृदयाच्या अशक्तपणासाठी चालू असलेले फ्युरोसेमाइड असेच 'रिपोर्ट शुद्ध यावा' म्हणून पाच दिवस बंद केले. सहाव्या दिवशी ते धाप लागलेल्या अवस्थेत आले, आडवे झोपता येत नव्हते. ते बरे झाले. पण त्या रिपोर्टाची किंमत फार मोठी पडली. आईंच्या बाबतीत गोळी रक्तदाबासाठी आहे, तरी दाब पुन्हा चढायला फार दिवस लागत नाहीत.

हृदयाच्या अशक्तपणाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. अशा रुग्णांत यकृतात रक्त तुंबलेले असते, भूक मेलेली असते, आणि कोलेस्टेरॉल बरेचदा कमी येते. औषधाने सूज ओसरते, माणूस जेवू लागतो, आणि कोलेस्टेरॉल वर येते. रिपोर्टात ते औषधाचे पाप दिसते, प्रत्यक्षात ते तब्येत सुधारल्याचे चिन्ह असते.

याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा आहे, आणि तो निसटू नये असे मला मनापासून वाटते. लघवीची गोळी पुष्कळदा पायावरच्या सुजेसाठी दिली जाते. ती सूज कशाने आली हे पाहिले नाही, तर मागाहून वाढलेले कोलेस्टेरॉल गोळीच्या माथी मारले जाते. थायरॉइडचे काम मंदावले की चेहरा आणि पाय सुजतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते. मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिने जाऊ लागली की सूज येते आणि कोलेस्टेरॉल 300 च्या पुढेही जाऊ शकते. दोन्हीत गुन्हेगार आजार असतो, गोळी नव्हे. म्हणून एकूण कोलेस्टेरॉल 40-50 ने किंवा त्याहून जास्त वाढले असेल, तर लघवी वाढवणाऱ्या औषधाकडे बोट दाखवून थांबू नका. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), लघवीतले प्रथिन, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) एवढे तरी करून घ्या. सोबत काय चालू आहे तेही पाहा. जुन्या धाटणीचे बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कमी करणारी औषधे) ट्रायग्लिसराइड वाढवतात आणि एचडीएल उतरवतात, आणि ते बरेचदा थायझाइडसोबतच दिलेले असतात. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन यांचाही परिणाम होतो.

ट्रायग्लिसराइडच्या बाबतीत एक इशारा. ज्यांचे ते मुळातच खूप जास्त आहेत, घराण्यात तसा इतिहास आहे, त्यांच्यात थायझाइडचा थोडासा धक्काही पुरेसा ठरू शकतो. 400 च्या वर गेले की मी वर सांगितलेले एलडीएलचे गणित चालत नाही, मग एलडीएल थेट मोजावे लागते किंवा एकूणमधून एचडीएल वजा करून उरलेला आकडा पाहावा लागतो. 500 च्या वर गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा विचार सुरू करावा लागतो, आणि 1000 च्या वर तर तो धोका ठळक असतो. असा रुग्ण असेल तर मी स्वतः थायझाइड बदलतो. ट्रायग्लिसराइड फारच वर, म्हणजे हजारांत असतील, तर रक्त दुधाळ दिसते आणि मोजण्याच्या काही पद्धतींत सोडियम खोटेच कमी येते. थायझाइडने सोडियम खरोखरही उतरते, त्यामुळे दोन्हींत गल्लत होऊ नये म्हणून अशा वेळी सोडियम थेट पद्धतीने मोजून घ्यावे लागते.

आई आधीच स्टॅटिन घेत असतील तर हे लक्षात ठेवा: स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की एलडीएल साधारण आणखी 6 टक्क्यांनी उतरते. थायझाइडने झालेली वाढ जास्तीत जास्त त्याच मापाची असते, म्हणजे गरज पडलीच तर ती तिथे भरून काढता येते. घेत नसतील तर स्टॅटिन द्यायचे की नाही हे या 3 अंकांवर ठरणार नाही. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घरातला हृदयविकाराचा इतिहास यांच्या एकत्रित हिशोबावर ते ठरेल.

तुमच्या जागी मी असतो तर असे केले असते. गोळी चालू. या आठवड्यात पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) आणि उपाशीपोटीची साखर. आईंच्या पायांवर सूज किंवा अंगात नेहमीचा थकवा असेल तर टीएसएच आणि लघवीची तपासणी. पोटॅशियम कमी आले तर डॉक्टरांना विचारून मात्रा 12.5 वर आणता येईल का किंवा सोबत दुसरे औषध जोडता येईल का ते पाहायचे. लिपिड पुन्हा तीन महिन्यांनी, वर सांगितल्या पद्धतीने. मग तिन्ही रिपोर्ट एकाच कागदावर मांडा. प्रत्येकासमोर तारीख, त्या दिवशीचा रक्तदाब, वजन आणि गोळीची मात्रा लिहा, आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.